टाचा खाली

विमान म्हटले की चारचौघांच्या डोळ्यांपुढे पंख उभे राहतात. आमच्या डोळ्यांपुढे मात्र हल्ली चाक उभे राहते, आणि त्या चाकाच्या आतल्या अंगाला धुळीने काळवंडलेली, तळहातात सहज मावेल एवढी एक पट्टी. कारखान्यातली मंडळी तिला ‘लायनर’ म्हणतात. तीस वर्षे खडू आणि लाल शाईची लेखणी यांपलीकडे कोणतेही हत्यार न धरलेल्या या हातांनी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका छोट्या विमानाचे ब्रेक-लायनर बदलण्याची विद्या शिकून घेतली, असे सांगितले की शाळेतले सहकारी हसतात आणि घरची मंडळी विषय बदलते. वाचकांनी तसे करू नये, एवढी विनंती. कारण त्या पट्टीने आम्हांला जे शिकवले, ते मराठीच्या एम. ए.लाही कोणी शिकवले नव्हते आणि मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गातही नाही.

आमच्या धाकट्या कन्येने पी. यू. सी.चा निकाल हाती येताच वैमानिक होण्याचा मनोदय जाहीर केला. आम्ही ‘नाही’ म्हटले नाही. मुख्याध्यापकाला ‘नाही’ म्हणण्याची गरजच पडत नाही. त्याच्या कोशात अडवण्याचे शब्द विपुल असतात. ‘बघू’, ‘आधी पदवी पदरात पडू दे’, ‘चष्म्याचा नंबर तपासून घे’, ‘एवढ्या पैशांची तरतूद व्हायला हवी’. या चार वाक्यांवर आम्ही दोन वर्षे काढली. अखेरीस कन्येच्या मातोश्रींनीच एके रात्री विचारले, “तुम्हाला पैशांची अडचण आहे, की भीती वाटते?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. पण वडिलांनी मागे ठेवलेली गावाकडची वीस गुंठे जमीन त्यानंतर महिन्याभरात विकली, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढले आणि सांबऱ्याच्या विमानतळावरील एका प्रशिक्षण संस्थेत तिचे नाव घातले. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. पैकी एकेका तासाला किती गुंठे जमीन लागली, हा हिशेब आम्ही मनातल्या मनात कितीतरी वेळा केला आहे.

सांबऱ्याचा विमानतळ बेळगावकरांना नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रह्मदेशाच्या आघाडीची तयारी म्हणून ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. पुढे तेथे आपल्या वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आले. २०१७ साली धावपट्टी वाढवून २,३०० मीटर झाली, नवी इमारत उभी राहिली आणि मोठी विमाने येऊ लागली. लहानपणी मुतग्याच्या रस्त्यावर सायकली टाकून आम्ही कुंपणाबाहेरून विमाने पाहत असू. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली तेव्हा रोज पहाटे कन्येला स्कूटरवर मागे बसवून त्याच रस्त्याने जाण्याची वेळ आली. तिला सोडून परत फिरावे, तर पाय निघत नसे. फाटकापाशी वडाच्या सावलीत उभे राहून आम्ही आकाशाकडे पाहत असू. विमान उतरताना दर वेळी आमचा उजवा पाय नकळत स्कूटरचा ब्रेक दाबी, हे चहावाल्याच्या ध्यानी आले होते. आमच्या आले नव्हते.

असेच एकदा उभे असता आत जाणारी एक मोटारसायकल थांबली. तिशी ओलांडलेला गृहस्थ उतरला आणि भर रस्त्यात आमच्या पाया पडला.

“ओळखला नाहीसा सर? नववी ब.”

नववी ब म्हणताच ओळखले. आणि ओळखल्याबरोबर मान खाली गेली.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा तालुक्यातील एका सरकारी हायस्कुलात सहशिक्षक होतो. कचेरीतले भिंतीवरचे घड्याळ बंद पडले होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा टेबलावर चढून ते खाली काढून बसला होता. पाठ उघडलेली, चाके वर्तमानपत्रावर मांडलेली. काय करतो आहेस, एवढेही आम्ही विचारले नाही. दोन छड्या मारल्या, उघडलेले घड्याळ तसेच कपाटात टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते. त्यांना आम्ही म्हणालो, “याच्या डोक्यात पुस्तक शिरायचे नाही. दहावीची वाट कशाला पाहता? आपल्यासोबत कामाला लावा.” त्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि काही न बोलता मुलाला घेऊन गेले. सुदैवाने त्यांनी आमचे ऐकले नाही. मुलगा दहावी झाला, पी. यू. सी. झाला, बंगळूरला विमानदुरुस्तीचा अभ्यासक्रम करून त्याने शासनाचा परवाना मिळवला. आमची कन्या ज्या विमानातून आकाशात जात होती, त्या विमानाच्या कागदावर ‘उड्डाणास योग्य’ म्हणून सही करणारा हात हाच होता.

त्याने घड्याळाचा विषय काढला नाही. एवढेच म्हणाला, “बाहेर उन्हात बसून काळजी करण्यापेक्षा आत येऊन बघा की सर, काय असतंय ते.” परवानगीचे आणि प्रवेशपत्राचे सोपस्कार उरकायला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आम्ही पिवळे जाकीट घालून हँगरमध्ये उभे होतो.

समोर एक सेसना उभे होते; चार आसनांचे, भरल्या वजनाला टनाच्या थोडे वर. जवळून पाहिले तेव्हा त्याचे धाकुटेपण मनात भरले आणि भीती वाढली. त्याने आम्हांला पंखाखालून वाकवून चाकापाशी बसवले. चाकासोबत फिरणारी एक पोलादी तबकडी असते. तिला दोन्ही बाजूंनी दोन लायनर चिमटीत धरतात. तबकडी आवळली की चाक थांबते. चिमटीला बळ देणारे तेल तांबडे असते. ते खनिज तेल आहे. मोटारीच्या ब्रेकचे तेल त्यात चुकूनही घातले तर आतल्या रबरी कड्या फुगून निकामी होतात. डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्याचा वेगळा. वैमानिकाच्या पायाशी दोन पावट्या असतात. त्या खालच्या भागाने ढकलल्या तर शेपटीचे सुकाणू वळते. वरचा भाग चवड्याने दाबला तर त्या बाजूचा ब्रेक लागतो. एकाच पावटीत दिशाही आहे आणि अडथळाही आहे, हे ऐकून आम्ही जरा दचकलो.

मग त्याने बाकावर दोन जुन्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या. एक डाव्या चाकाची, एक उजव्या. “सर, पेपर तपासताय तसं हे तपासा.”

आम्ही चष्मा पुसून पाहिले. उजवी पट्टी डावीपेक्षा स्पष्टच पातळ झाली होती. लायनरची जाडी सुमारे अडीच मिलिमीटरवर आली की ते बदलावे लागते. उजवे त्या रेषेला टेकले होते. दोन्ही चाके एकाच धावपट्टीवर धावतात, मग असे का?

त्याने सांगितले ते असे. इंजिनाचा जोर लावला की पंख्याच्या फिरण्यामुळे विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते. ते सरळ ठेवायला उजव्या पावटीवर पाय द्यावा लागतो. शिकाऊ मुलांचा पाय घाबरून वर सरकतो. सुकाणूबरोबर उजवा ब्रेकही दाबला जातो. दुसरे कारण याहून साधे. जमिनीवरून विमान चालवताना वेग वाढला की मुले भितात. इंजिनाचा दट्ट्या मागे ओढायचे सुचत नाही. हाताने इंजिन पळवीत राहतात आणि पायाने चाक अडवीत राहतात. लायनर झिजते ते थांबण्याने नव्हे, या भांडणाने.

“म्हणून पहिल्या दिवसापासनं सांगावं लागतंय, टाचा खाली ठेवा म्हणून. टाच जमिनीला टेकली की चवडा ब्रेकवर जातच नाही. वेग कमी करायचा असंल तर आधी हात मागं घ्यायचा. पाय सगळ्यात शेवटी.”

“ही झीज कोणाच्या पायाची?” आम्ही विचारले. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

तो हसला. “सगळ्यांच्याच सर. तुमच्या मुलीच्या पण थोडी असणार की.”

त्या रात्री झोप लागली नाही. एका हाताने जमीन विकून पैसा पुढे करायचा आणि रोज पहाटे स्कूटरवर ‘जपून’, ‘घाई करू नकोस’, ‘जमत नसेल तर सांग, अजून वेळ गेलेली नाही’ असा पाठ म्हणायचा! पोरीच्या चवड्यात भीती आली ती कोठून आली असेल, हे शोधायला भिंग लागत नव्हते.

आमच्या आजोबांच्या बैलगाड्या आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे जात. चाकावर दाबायला लाकडी ठोकळा असे. उतारावर तो किंचाळे आणि जळका वास सुटे. ‘गाडी हळू करावी ती उतार लागण्यापूर्वी, उतार लागल्यावर ठोकळा जळतो आणि गाडी जायची तशीच जाते,’ असे ते म्हणत, असे वडील सांगत. इंग्लंडातही तेच होते. डर्बीशायरच्या टेकड्यांत गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे चामडे लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ साली टिकाऊ लायनर बनवण्याचा उद्योग सुरू केला, असे सांगतात. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांत एक ‘ई’ घालून त्याने आपल्या मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. दोन बाजूंनी तबकडी आवळणाऱ्या ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली घेतले. पुढच्याच वर्षी राइट बंधूंचे विमान उडाले, पण त्याला ब्रेक नव्हता. ब्रेक कशाला, चाकेही नव्हती. ते लाकडी रुळावरून सुटले आणि वाळूवर सरपटत टेकले. माणूस आधी उडायला शिकला, नीट थांबायला मागाहून. लायनरमध्ये पुढे अनेक वर्षे ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक ठरली, म्हणून आता त्याविना बनवतात. तरीही ब्रेकवरची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकायची नाही, हा नियम त्याने आम्हांला पहिल्याच दिवशी घालून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्हीच म्हणालो, “आम्हांला हे शिकव.” त्याने क्षणभर पाहिले आणि बाद झालेल्या चार जुन्या पोलादी पाट्या आमच्यापुढे ठेवल्या. विमानाला हात लावण्याआधी यांवर हात बसवायचा.

लायनर या पाटीला पितळी पोकळ रिव्हेटांनी जखडलेले असते. जुने रिव्हेट पंचने ठोकून काढायचे, पण असे की पाटीचे भोक मोठे होता कामा नये. पाटी पुसून, सपाट आहे का, कोठे तडा आहे का, भोके लांबट झाली आहेत का, ते पाहायचे. मग नवे लायनर बसवून रिव्हेट घालायचा. त्याचे डोके लायनरच्या खळग्यात बुडते. मागे निघालेला पोकळ शेपटा हत्याराने बाहेरच्या बाजूला वळवायचा. फुलाची पाकळी उमलावी तसा तो चहूकडून सारखा वळला पाहिजे. जोर कमी पडला तर लायनर हलते. जास्त झाला तर पितळेला चीर पडते किंवा लायनरच तडकते.

आमचा पहिला रिव्हेट वाकडा गेला. दुसऱ्याला चीर पडली. तिसऱ्या पाटीचे काम आम्हांला उत्तम वाटले. ती मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे ठेवली. त्याने भिंग लावले, नखाने लायनर हलवून पाहिले, आणि एक शब्द न बोलता पंचने सगळे रिव्हेट काढून पाटी परत आमच्यापुढे सरकवली. वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या, पण फुली मिळाल्यावर पोटात काय होते ते त्या दिवशी कळले. फरक एवढाच, की त्याने फुली मारून वही बंद केली नाही. काम पुन्हा हातात दिले.

चौथ्या पाटीच्या वेळी चहा आला. पाटी अर्धी राहिली होती. आम्ही हत्यार ठेवून उठलो. तो शांतपणे म्हणाला, “उघडलेलं काम टाकून उठायचं नाही सर. काय काढलं, काय राहिलं, विसरायला होतंय.” थोडा थांबला आणि खाली पाहत म्हणाला, “त्या घड्याळाचं पण लागलं असतं की. तीनच स्क्रू राहिले होते.”

अठरा वर्षे त्याने ते तीन स्क्रू मनात मोजून ठेवले होते! स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या यंत्राची नोंद सांगावी तसे तो बोलला. आम्ही म्हणालो, “चूक आमची होती. तुला विचारायला हवे होते.” मराठीत एम. ए. केलेल्या माणसाला त्याहून अधिक काही सुचले नाही.

“असू दे की सर,” तो म्हणाला, “हे धरा,” आणि हातोडी आमच्या हातात दिली. चहा गार झाला. पाटी पुरी झाली. त्याने भिंगातून पाहिले आणि मान डोलावली.

विमानावर चढणाऱ्या कामाची जबाबदारी परवानाधारकाचीच. कायदा तसा आहे आणि तो योग्य आहे. चार दिवसांनी त्या सेसनाच्या उजव्या चाकाच्या पाटीला रिव्हेट घातले ते आम्ही, पण प्रत्येक ठोक्याला त्याचे डोळे आमच्या हातावर होते. तबकडीची जाडी त्याने स्वतः मोजली. बोल्ट मोजक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने त्यानेच आवळले. बोल्टांच्या डोक्यातल्या भोकांतून बारीक पोलादी तार ओवून पिळली. ही तार अशा बाजूने ओढायची, की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तिच्या ताणाने दुसरा घट्टच व्हावा. मग त्याने लॉगबुक उघडून नोंद केली आणि सही केली. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही ‘असमाधानकारक’ असा शेरा लिहून सही केली होती. ती सही करताना आमचे काहीच पणाला लागले नव्हते. तो मात्र आमच्या कामाखाली आपले नाव, आपला परवाना आणि आमची मुलगी, तिन्ही मांडत होता.

नवे लायनर लगेच विश्वासाचे नसते, हेही तेव्हाच कळले. त्याला भाजून घ्यावे लागते. प्रशिक्षकाने विमान बाहेर काढले, इंजिन सतराशे फेऱ्यांवर ठेवले आणि ब्रेक धरून माणसाच्या धावण्याइतक्या संथ गतीने सुमारे दीड हजार फूट चालवले. एरवी जे करायचे नाही, ते या एका वेळी मुद्दाम करायचे. उष्णतेने लायनरच्या पृष्ठावर चकाकीचा पातळ थर येतो; त्यानेच पकड बसते. मग दहा-पंधरा मिनिटे निवू द्यायचे. त्यानंतर ब्रेक दाबून इंजिन जोरात फिरवले. विमान थरथरले, पण जागचे हलले नाही. आम्ही श्वास सोडला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, त्याच विमानातून, कन्या प्रथम एकटी उडाली. आदल्या दिवशी आम्ही मनाशी निश्चय केला होता. पहाटे स्कूटरवर सांबऱ्यापर्यंत एकही सूचना दिली नाही. फाटकाशी उतरताना तिनेच विचारले, “बाबा, आज काही सांगणार नाही?”

“टाचा खाली,” आम्ही म्हणालो.

ती हसली आणि आत गेली.

हँगरच्या दाराशी आम्ही आणि आमचा विद्यार्थी उभे होतो. विमानाने एक फेरी मारली, वळले, धावपट्टीच्या रेषेत आले. मागची चाके टेकली, मग नाकाचे चाक. आमची नजर पंखांवर नव्हती. उजव्या चाकातून धूर नाही, नाक वाकले नाही, हिसका नाही. धावपट्टी पुढे लांबच लांब होती आणि ती तिला वापरू दिली गेली. वेग आपोआप ओसरत गेला. वळणाशी येता येता विमान सावकाश झाले आणि तेव्हाच काय तो ब्रेक लागला असावा. आमचा उजवा पाय या वेळी कशावर होता, ते पाहायला चहावाला तेथे नव्हता. आम्ही मुद्दाम खाली पाहिले. टाच जमिनीवर होती.

शाळा उघडल्यावरची गोष्ट सांगून थांबतो. पहिल्याच आठवड्यात फेरीवर असताना प्रयोगशाळेत आठवीतला एक मुलगा सापडला. कपाटाचे अडकलेले लॉक त्याने खोलून जमिनीवर मांडले होते. आम्हांला पाहताच उठून उभा राहिला. हात आपोआप पुढे झाले, छडीसाठी. शाळेतून छडी जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी मुलांच्या हातांना ती अजून आठवते.

आम्ही खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो.

“किती स्क्रू काढलेस?”

“चार, सर.”

“मोजून ठेव,” आम्ही म्हणालो, “आणि पुरे कर. तास बुडाला तरी चालेल.”